चिंचेने घासलेला किलो

आमच्या साहेबांना ‘थोडं’ हा शब्द चालत नसे. कुणी म्हणालं, ‘साहेब, थोडा चहा घेता का?’ की ते विचारायचे, ‘थोडा म्हणजे किती?’ आणि विचारून खरंच उत्तराची वाट बघत बसायचे. ऑफिससमोरचा चहावाला पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी वैतागला आणि तिसऱ्या दिवसापासून ‘साहेबांचे नव्वद मिली’ अशी आरोळी ठोकायला लागला.

साहेब वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानातला किलो खरोखर किलो आहे का, रॉकेलवाल्याचं लिटर पुरतं भरतं का, कापडवाल्याची पट्टी मीटरभर आहे का, हे तपासायचं आणि बरोबर असेल तर सरकारी शिक्का मारायचा. मी त्यांच्या हाताखालची नवी कारकून. रायगडच्या किनाऱ्यावरचं एक तालुक्याचं गाव. त्याचं नाव सांगत नाही, कारण ज्या दुकानदारांपुढे माझी शोभा झाली त्यांचे नातू अजून त्याच गल्ल्यांवर बसतात आणि मला अजून तिथूनच मसाला आणायचा असतो.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे दया येणार नाही. वय एकवीस, दोन वेण्या, फिजिक्स घेऊन बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लास, आणि आख्ख्या तालुक्याला शहाणं करायची घाई. नोकरी हंगामी होती. दोन वर्षं नीट गेली तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी माझ्याच पगारावर चूल पेटत होती. एवढं असताना माणसाने जरा खाली मान घालून वागावं की नाही? पण मान खाली घातली तर वेण्या दिसणार कशा.

दुसऱ्याच दिवशी मी मासळी बाजारात शिरले. कोळणी ओळीने बसलेल्या, समोर कोलंबीचे वाटे लावलेले. वाटा म्हणजे हाताने लावलेला ढीग. ना तराजू, ना वजन. मी पहिल्याच कोळणीपुढे उभी राहिले आणि कायदा सांगायला सुरुवात केली. वाट्याने विकता येणार नाही, किलोनेच विकावं लागेल.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘काय गो बाय, नवीन हायस काय?’

‘नवीन असले तरी सरकारी आहे.’

‘मंग सरकारला ईचार, कोलबीचा डोका मोजायचा का न्हाय मोजायचा. आनि पानी? त्ये पन मोजायचा?’

शेजारच्या चौघी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तेवढ्यात साहेब आले. मला वाटलं, आता हिची खैर नाही. साहेबांनी तिच्याकडून तीन वाटे घेतले, तीन वेगळ्या पानांत बांधून घेतले आणि ऑफिसात आणून तिन्ही वेगवेगळे तोलले. मग एक जुनी वही माझ्यापुढे सरकवली. त्या वहीत त्या कोळणीचे आठ वर्षांतले वाटे लिहिलेले होते. भाव चढलेल्या दिवसांत वाटा लहान, हंगामात मोठा. पण एका दिवसात लावलेल्या कुठल्याही दोन वाट्यांत दोन कोलंब्यांपेक्षा जास्त फरक नाही.

‘कायदा तुम्ही सांगितलात तो बरोबरच आहे, बाई,’ साहेब म्हणाले. ‘पण तिच्या हाताला मला शिक्का मारता येत नाही, एवढीच माझी अडचण आहे. तिची काही अडचण नाही.’

ती कोलंबी मग त्यांनी घरी नेली. आम्हाला कुणाला दिली नाही. तेवढे ते चिकट होतेच.

साहेबांच्या सदऱ्याच्या खिशात कायम गुंजा असत. लाल, काळ्या टिकल्यांच्या, कुंपणावरच्या वेलीच्या बिया. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, असं सोनं पूर्वी तोलायचे. बोलता बोलता साहेब त्या तळहातावर खुळखुळवायचे आणि एखादा सोनार बढाया मारायला लागला की एक गुंज त्याच्या काउंटरवर ठेवायचे. त्यांच्या घराच्या पडवीत तर पायल्या, अधोल्या, शेर, चिपटी या धान्याच्या मापांची रांगच लावलेली. लाकडाची, पितळेची, पत्र्याची. गावोगाव दशमान मापं आली तेव्हा लोकांनी जुनी मापं चुलीत घातली, मोडीत घातली. साहेबांनी ती मागून आणली. प्रत्येकावर गावाचं नाव चिकटवलेलं. आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ते दोन पायल्या हातात द्यायचे आणि विचारायचे, ‘मोठी कुठली?’ पाहुणा दोन्ही फिरवून बघायचा आणि म्हणायचा, ‘सारख्याच दिसतात.’ मग साहेब खुशीत येऊन तांदूळ आणायला आत जायचे, एकीतून दुसरीत ओतून दाखवायला. पाहुणा पाण्यावाचून बसलेला.

आणि त्यांचा तो पॅरिसचा किलो. देवाचं नाव घ्यावं तसं ते सांगायचे. जगातल्या सगळ्या किलोंचा बाप तिकडे तळघरात आहे, एकात एक काचेच्या हंड्यांखाली झाकलेला. तिजोरीला तीन चाव्या, तीन वेगळ्या माणसांकडे. त्याच्यावरून आपल्या देशाचा किलो, देशाच्या किलोवरून राज्याचा, राज्याच्या किलोवरून आपल्या पेटीतला. ‘आणि आपल्या पेटीतल्यावरून वाण्याचा. म्हणजे वाणी तुम्हाला साखर देतो तेव्हा ती पॅरिसहून मोजून आलेली असते, बाई.’

आपल्या पेटीतला म्हणजे ऑफिसातल्या कपाटातल्या लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत बसलेली पितळी वजनं. ती हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने किंवा मऊ कातडं धरून. त्यांच्याशेजारी एका काचेच्या बरणीत एक काळाभोर, गुळगुळीत, समुद्राने घासलेला धोंडा असे. साहेब त्याला ‘साक्षीदार’ म्हणत. दर सोमवारी ऑफिस उघडलं की त्या धोंड्याला पेटीतल्या वजनांनी तोलायचं आणि आकडा वहीत लिहायचा. गेली अकरा वर्षं तोच आकडा. धोंड्याचं वजन बदलत नाही; तेव्हा आकडा बदलला तर समजायचं, आपलीच वजनं बिघडली. ही वही सरकारी नव्हती, साहेबांची खाजगी होती.

मला हा प्रकार भारी विनोदी वाटायचा. मी घरी आईला सांगायचे, ‘आमचे साहेब सोमवारी धोंडा पुजतात.’

त्या वर्षी भादव्याच्या शेवटी साहेबांची बायको आजारी पडली. तिला घेऊन ते मुंबईला गेले ते पाच-सहा आठवडे तिकडेच राहिले. ऑफिसचा चार्ज शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे आला; ते आठवड्यातून दोनदा यायचे. जाताना साहेब मला एवढंच म्हणाले, ‘सोमवार चुकवू नका.’

मग आली खंडेनवमी.

आता आपल्याकडे खंडेनवमीला काय करतात? सुतार रंधा पुजतो, शेतकरी कोयते-विळे पुजतो, ड्रायव्हर गाडी धुतो. ऑफिसात टाइपरायटरला झेंडूची माळ, शिक्क्यांना हळदकुंकू. मी कपाट उघडलं, पेटी उघडली आणि मला लाजच वाटली. किलो, पाचशे, दोनशे, सगळी पितळी वजनं काळपट पडलेली. माझ्या आईच्या घरी देवाची तपेली अशी दिसली असती तर आईने जेवायला वाढलं नसतं. मी घरी धावत गेले, चिंच भिजवून आणली, मीठ आणलं, चुलीतली राख आणली. आणि ऑफिसच्या मागच्या दगडी ओट्यावर बसून सरकारी मापं अशी घासली, अशी घासली की किलोत माझं तोंड दिसायला लागलं. ते बघून मी वेण्याही सारख्या केल्या.

चार्जवाले साहेब म्हणाले, ‘वा. बाईमाणूस ऑफिसात असलं की फरक पडतो.’

मी दिवसभर तरंगत होते. लगेच पुढे दिवाळीआधीचा कॅम्प लागला. दिवाळीच्या खरेदीआधी दुकानदार वजनं तपासून घ्यायला रांग लावतात. माझ्या चकचकीत किलोने आम्ही एकशे सात दुकानांची वजनं तपासली, जी वजनं कमी-जास्त भरली त्यांच्या पोटातल्या भोकातलं शिसं काढून-घालून जुळवली, शिक्के मारले. या गडबडीत धोंडा कोण तोलतंय? आणि तोलायचा कशाला, मी म्हटलं, दगडाचं वजन बदलतं का कुठे? एके दुपारी बसले आणि चुकलेल्या पाचही सोमवारांचा आकडा वहीत उतरवून टाकला. अकरा वर्षं होता तोच.

साहेब परत आले. बायकोला बरं वाटत होतं, त्यामुळे मूड चांगला. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी पेटी उघडली. बराच वेळ उघड्या पेटीसमोर उभे राहिले. मी शाबासकीची वाट बघत होते, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. त्यांनी चिमटा घेतला, तराजू मांडला, धोंडा एका पारड्यात ठेवला, दुसऱ्यात वजनं. काटा हलला आणि नेहमीच्या जागी येईना. त्यांनी वजनांच्या बाजूला खिशातली एक गुंज टाकली, तेव्हा कुठे जवळपास आला.

‘दगड वाढलाय, बाई.’

‘हवा दमट आहे ना, साहेब. समुद्राची.’ फिजिक्समधला फर्स्ट क्लास बोलत होता.

‘गेल्या सोमवारी दमट नव्हती?’

आणि त्यांनी वही उघडली. पाच सोमवार, एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेले. पाहिल्याबरोबर कळेल असे. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि मला हुंदकाच आला.

‘घासलंत ते माहीत नव्हतं म्हणून,’ साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. ‘हे लिहिलंत ते माहीत असून. साक्षीदार फितवलात तुम्ही.’

त्या दिवशी चार्जवाले साहेबही आले होते. त्यांना प्रकार कळल्यावर ते आधी हसले, मग घाबरले. ‘अहो, एक गुंज. वाण्याच्या वजनाला कायदाच याच्या कितीतरी पट सूट देतो. नवीन पेटी मागवून घ्या, ही परत करा. तुमची बढती नव्या वर्षात यायची आहे. आणि ही पोरगी हंगामी आहे, तिचा विचार करा. कुणाला कळणार आहे?’

साहेब म्हणाले, ‘दगडाला कळलंय.’

त्यांनी कागद ओढला आणि वरच्या ऑफिसला कळवायला बसले. मी समोर उभी. प्रत्येक ओळीला वाटायचं, आता माझं नाव. साहेब कधी खोटं लिहायचे नाहीत. तेव्हा माझी नोकरी गेली, घरी काय सांगायचं, पाठच्या भावाच्या शाळेचं काय, हे सगळं मी त्यांच्या टाकाच्या आवाजात ऐकत होते. लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. ‘या कार्यालयातील मापे साफ करताना घासली गेली. मापे सांभाळण्याची जबाबदारी माझी होती व साफ न करण्याची सूचना मी दिलेली नव्हती.’ पुढे शिक्के रद्द करून एकशे सात दुकानं पुन्हा तपासण्याची परवानगी. बस. माझं नाव नाही. वहीचा उल्लेख नाही.

‘यात काही खोटं आहे का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही, साहेब.’

‘वही माझी खाजगी आहे. तिचं काय करायचं ते आपण दोघं बघू.’

पेटी तपासून आणायला ते मुंबईला निघाले आणि मला बरोबर घेतलं. रेवसला लाँचमध्ये बसलो. साहेबांनी पेटी मांडीवर घेतली, वर आपली शाल पांघरली. शेजारच्या बाईने मला हळूच विचारलं, ‘बाळ किती महिन्यांचं?’

लाँच सुटली. पलीकडे खाडीच्या तोंडाशी करंजाचा डोंगर दिसत होता. साहेबांनी तिकडे हनुवटी केली. ‘माझी आई तिकडची. उरणकडची. लग्न होऊन खाडीच्या अलीकडे आली.’ आणि मग त्यांनी जे सांगितलं ते सांगण्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलंय.

आईने माहेराहून एक शेराचं माप आणलं होतं, पितळेचं, हाताला सवयीचं. सासू सांगायची, रोज चार शेर तांदूळ शिजव. आई चार शेर घ्यायची. पण तांदळाची कणगी दर वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या, आधीच तळ दाखवायची. पूर्वी कधी असं झालं नव्हतं. घरात, वाडीत, नातलगांत तिचं नाव पडलं, उधळी. ती शपथा घ्यायची, मी चारच घेते. सासू म्हणायची, मग काय कणगी खाते? साहेब दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी एकदा खेळता खेळता आजीचा शेर तांदळाने भरला आणि आईच्या शेरात ओतला. आईचा शेर भरलाच नाही. वर आणखी मूठभर तांदूळ मावत होते.

‘मी ओरडत आजीकडे गेलो. म्हटलं, आई खोटी नाही, तिकडचा शेरच मोठा आहे.’

‘मग?’

‘आजी म्हणाली, मग तिकडची माणसंच खोटी.’ साहेब हसले. ‘किलो आला तेव्हा पेपरात वाचलं, आता सगळीकडे एकच. मी आईला सांगायला गेलो. ती म्हणाली, उशीर केला रे तुझ्या किलोने. त्या मुठीसाठी तिला मरेपर्यंत उधळी म्हणाले, बाई.’

लाटेने लाँच जरा उचलली. त्यांनी पेटी घट्ट धरली.  

मुंबईच्या प्रयोगशाळेने सांगितलं, किलो जवळजवळ एका गुंजेने हलका. आमच्याकडे दुसरी पेटी आली. आणि सुरू झाली माझी वरात. एसटीने, सायकलने, एका ठिकाणी तर होडीने. साहेब वजनं तपासायचे, जुन्या शिक्क्यावर काट मारायचे, नवा मारायचे. माझं काम एकच. दुकानात शिरल्याबरोबर दुकानदाराला आणि समोर जे गिऱ्हाईक असेल त्याला, वजनं परत का तपासतोय ते सांगायचं. मी सांगायचं. काही गाळायचं नाही. वहीसुद्धा नाही.

पहिल्या दुकानातले गुजराती शेठ दोनदा ऐकून म्हणाले, ‘चिंचने? सरकारी किलो तमे चिंचने घासला?’ मग आतल्या दाराकडे वळून ओरडले, ‘अगं, बाहेर ये, ऐक तर खरं.’ शेठाणी आली. मी पुन्हा पहिल्यापासून.

‘साहेब, पण एक गुंज?’ शेठ म्हणाले. ‘एवढा तर माशी बसली तरी फरक पडते.’

‘माशी उडून जाते,’ साहेब म्हणाले. ‘शिक्का दोन वर्षं राहतो.’

पहिल्या दहा दुकानांत मी रडत सांगितलं. विसाव्याला रडू आटलं. पन्नासाव्यापर्यंत मला गोष्ट रंगवता यायला लागली. शंभराव्या दुकानात मी हातवारे करून चिंच कोळून दाखवत होते आणि बाहेर रस्त्यावर माणसं थांबली होती. गावाने माझं नाव ठेवलं, चिंचवाली बाई. बाजारात ती कोळीण लांबूनच हाक मारायची, ‘ये गो चिंचवाली, माजा वाटा पन घासून दे.’ मी तिच्यासमोर बसून तिच्याइतकंच हसायला शिकले. एकशे सात दुकानांत एकाही माणसाने आम्हाला हाकललं नाही. उलट त्या वर्षापासून ज्यांच्या वजनावर साहेबांचा शिक्का, त्यांच्या दुकानात भांडण निघेनासं झालं.

साहेबांची बढती गेली. मी त्यांना एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, ‘बरं झालं. मुंबईत मला एवढी ताजी कोलंबी कुणी दिली असती?’ माझी नोकरी कायम झाली. सोमवारचा धोंडा त्यांनी स्वतः निवृत्त होईपर्यंत मलाच तोलायला लावला. जाताना पेटी सरकारची म्हणून राहिली, धोंडा त्यांचा होता म्हणून त्यांनी मला दिला. बरणीसकट. तो आज माझ्या स्वयंपाकघरात आहे. दर सोमवारी मी त्याला घरच्या बॅटरीच्या काट्यावर ठेवते. सून म्हणते, आई धोंडा पुजतात. म्हणू दे.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझी नात मोबाइलमध्ये बघत म्हणाली, ‘आजी, तुझा पॅरिसचा किलो रिटायर झाला.’

‘काय झालं त्याला?’

‘हलका झाला होता म्हणे. म्हणजे त्याच्यासारखेच जे बाकीचे बनवले होते, त्यांच्या मानाने. पापणीच्या एका केसाएवढा. नक्की का ते कुणालाच माहीत नाही.’ मग तिने आणखी खाली वाचलं. ‘आणि आजी, ते पण त्याला मधूनमधून साफ करायचे. मऊ कातड्याने.’

मी उठून उभीच राहिले. गुडघे दुखतात हेही विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला घेतलं, धोंडा पिशवीत टाकला आणि साहेबांच्या गावी गेले. साहेब तेव्हा नव्वदीला टेकलेले, पडवीत त्यांच्या पायल्यांच्या रांगेजवळ खाटेवर पडून. कान गेलेले, डोळे लखलखीत. मी धोंडा त्यांच्या खाटेवर ठेवला आणि कानाशी जाऊन ओरडून सगळं सांगितलं. तीन चाव्या, काचेच्या हंड्या, पापणीचा केस. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘खंडेनवमीला तिकडे तुम्ही गेला होतात का?’

आम्ही दोघं इतकं हसलो की आतून त्यांची सून धावत आली. हसणं ओसरल्यावर त्यांनी नातीला जवळ बोलावलं. ‘मग आता किलो कुठे ठेवलाय?’

‘कुठेच नाही, आजोबा. आता तो वस्तूच नाहीये. निसर्गाचा एक आकडा आहे, कधी न बदलणारा, त्याच्यावरून काढतात. योग्य यंत्र असलं की कुणालाही, कुठेही. सगळ्या जगात सारखाच.’

‘जगाचं राहू दे,’ साहेब म्हणाले. ‘खाडीचं सांग.’

नातीने माझ्याकडे बघितलं. तिला काही कळलं नव्हतं, पण ती माझी नात आहे. खाली वाकली आणि मोठ्याने म्हणाली, ‘हो आजोबा. खाडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच.’

साहेबांनी हात लांब करून रांगेतलं एक पितळी माप उचललं. त्याच्यावरच्या कागदावर गावाचं नाव नव्हतं, नुसतं ‘आई’ लिहिलं होतं. ते त्यांनी पोटावर उभं धरलं आणि आतल्या सुनेला हाक मारली, ‘पाहुण्यांना चहा टाक गं. थोडा जास्त टाक.’